गोडंबीचा पहिला लाडू

जाईबाई तायडेसमोर कुणी "त्यानं कामात बिब्बा घातला" असं म्हटलं की त्याची खैर नसे. कोपरच्या त्यांच्या सोसायटीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीवरून भांडण चाललेलं असायचं, बोलता बोलता सेक्रेटरी बिब्ब्याचं नाव काढायचे, आणि जाईबाई टाकी बाजूला ठेवून उभी राहायची. "बिब्ब्यानं तुमचं काय घोडं मारलंय हो? टाचेला भेग पडली की बिब्बा लागतो. पायात काटा मोडला की बिब्ब्याचा चटका लागतो. बाळंतिणीला गोडंबी लागते, ती काय आंब्यातून निघते? आणि नाव घ्यायचं ते असं!" सेक्रेटरी हात जोडायचे. टाकीचा निर्णय पुढच्या मीटिंगवर जायचा.

आता ज्यांनी बिब्बा पाहिलाच नाही त्यांना सांगायला हवं. रानातल्या झाडाचं हे फळ, काळं, चपटं, अंगठ्याच्या पेराएवढं. टरफलात काळं चिकट तेल भरलेलं असतं. ते अंगाला लागलं की कातडी लाल होते, आग होते आणि मग पाण्यानं भरलेले फोड उठतात. बिब्बा उतला, असं म्हणतात त्याला. कुणाला तेल लागून उततो, कुणाला त्याचा नुसता वारा सोसत नाही. आणि ह्याच जळजळीत टरफलाच्या पोटात गोडंबी बसलेली असते. पांढरी, तेलकट, चवीला बदामाच्या जवळची. डिंकाच्या लाडवात गोडंबी पडली की बाळंतिणीच्या कमरेला बळ येतं आणि अंगावर दूध उतरतं, असं वाशीमकडच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या मानत आल्या. जुने वैद्य बिब्ब्याचे थेंबसुद्धा दुधातून द्यायचे. जाईबाई त्या वाटेला कधी गेली नाही. "ते वैद्याचं काम. मी खायला घालते, औषध देत नाही," असं ती निक्षून सांगायची.

वाशीमकडच्या एका खेड्यातून ती लग्न होऊन आली तेव्हा नवरा दगडू ठाण्याच्या एका कंपनीत नुकताच लागला होता. त्या गोष्टीला एकेचाळीस वर्षं झाली. पुढं तिनं गावाकडच्या सासूकडून एक दगड मागून आणलेला, मधोमध छोटा खळगा असलेला. दर हिवाळ्यात गावाकडून बिब्ब्याचं पोतं यायचं आणि जाईबाई गच्चीवर बसायची. हाताला खोबरेल, त्यावर राख. बिब्बा खळग्यात उभा धरायचा आणि हातोडीचा एकच घाव. दुसरा घाव घालावा लागला तर ती फोडणारी कसली? टरफल दोन्ही बाजूंना उघडायचं आणि गोडंबी अख्खी बाहेर. मग राखेत चोळायची, फडक्यात झाडायची, दोन उन्हं द्यायची. कल्याणच्या बाजारात पाकिटातली गोडंबी पाहिली की ती नाक मुरडायची. निम्मी तुटलेली, निम्मी खवट. आणि शनिवारी दुकानाच्या दाराला लिंबू-मिरचीखाली टांगलेला बिब्बा दिसला तर दुकानदाराला ऐकवल्याशिवाय पुढं जायची नाही. "बाबासाहेबांच्या घरची आहे मी. नजर-बिजर मानत नाही. चांगली खायची वस्तू दाराला काय टांगता?"

ह्या कामानं तिच्या बोटांवर कायमचे काळे डाग पडले होते. ती ते लपवत नसे. विहारात बुद्धवंदनेला हात जोडले की ते डाग सगळ्यांना दिसायचे, आणि ज्या बायकांची बाळंतपणं तिच्या लाडवांवर निघाली होती त्या पोरींना कोपरखळी मारून दाखवायच्या. जाईबाईला ते आवडायचं. खोटं कशाला बोला, फार आवडायचं.

तिच्या कामात एक रीत होती. लाडवांचा घाणा वळून झाला की पहिला लाडू बाळंतिणीला जायचा नाही. बाळंतिणीच्या घरी जाऊन, तिच्यासमोर बसून, तो फोडणाऱ्या घरच्या बाईनं खायचा. मगच डबा पुढं करायचा. मी खाल्ला, मला काही झालं नाही, आता तू बिनघोर खा. हा तिचा शब्द होता. तायडेंच्या घरात ही रीत सासूच्या वेळेपासून चालत आलेली. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात गावी सासूनं पहिला लाडू तिच्याच हातावर ठेवला होता. घरात पाच बायका आणि मान नव्या सुनेला! ती आठवण जाईबाईनं चाळीस वर्षं उराशी जपली होती. पुढं सासू थकली, जाईबाई स्वतः फोडायला लागली आणि पहिल्या लाडवाचा मान तिच्याकडेच राहिला.

तिची सून मृणाल ह्या मानाच्या जवळपासही फिरकत नसे. बिचारी फिरकणार कशी? लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात तिनं हौसेनं गच्ची झाडली, चार टरफलं हातानं उचलली आणि दुसऱ्या दिवशी कोपरापर्यंत हात सुजून डोळे मिटले. आठ दिवस रजा पडली. "बिब्बा फोडणाऱ्या घरात सून आली ती बिब्बा उतणारी," म्हणून सोसायटीत हसं झालं, आणि त्यात सगळ्यात मोठ्यानं जाईबाईच हसली. मृणालनं मनाला लावून घेतलं नाही, निदान तसं दाखवलं नाही. घोडबंदर रोडला एका ऑफिसात ती हिशेबनीसांच्या टीममध्ये होती. सकाळी आठला घराबाहेर पडायची. मुलगा राकेश कामानिमित्त नाशिकला असायचा आणि महिन्यातून दोनदा यायचा. तेव्हा घरात तिघंच असत: दगडू, जाईबाई आणि ही लोण्याची सून. लोण्याची हा शब्द जाईबाईचा.

यंदा मृणालच्या ऑफिसातली तिची वरिष्ठ, देवयानी, बाळंत झाली. मृणालनंच कौतुकानं सासूच्या लाडवांचं सांगितलं आणि जाईबाईनं घोडबंदर रोडच्या त्यांच्या बाविसाव्या मजल्यावरच्या घरी जाऊन, रीतीप्रमाणे पहिला लाडू खाऊन, डबा दिला. त्याला पाच दिवस झाले असतील. शनिवारी सकाळी मृणालचा फोन वाजला. ती बाल्कनीत गेली, हळू आवाजात बोलली आणि परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता.

"आई, देवयानी मॅमचं तोंड आलंय. ओठ सुजलेत, कडांना फोड आलेत. डॉक्टरांनी लाडू बंद करायला सांगितलेत."

"बाळ?"

"बाळ एकदम ओके आहे. पण त्यांच्या सासूबाई म्हणतात, लाडवानंच झालं."

जाईबाई पोळी लाटत होती. लाटणं तसंच राहिलं. रागावली की तिच्या तोंडी वऱ्हाडी यायची. "माह्या लाडवानं? काहून? म्या सोताच्या तोंडानं खाल्ला ना तिच्यासमोर? मले काय झालं? एकेचाळीस वर्षांत एक बाई बोलली नाही, आन्‌ हे आता बोलतात?"

"आई, मी कुठं म्हणतेय..."

"चाल. आत्ताच्या आत्ता चाल. मला त्यांचं घर पुन्हा दाखव."

दगडूनं पेपरातून डोकं वर काढलं. "अगं, फोनवर बोल ना."

"फोनवर लाडू खाता येतो का हो?" असं म्हणून जाईबाईनं पातळ बदललं.

ठाण्याला उतरून त्यांनी बस धरली. माजिवड्याच्या पुढं बस जी अडकली ती हलेना. शनिवार असूनही गाड्यांची रांग संपत नव्हती. एरवी जाईबाईनं ड्रायव्हरशी, कंडक्टरशी, शेजारच्या बाईशी दोन दोन वाक्यं केली असती. आज ती खिडकीबाहेर बघत होती. तिच्या डोळ्यांसमोर एक एक घर येत होतं. यंदा ह्या गोडंबीचे डबे सात घरांत गेले होते. कोपरला चार, कल्याणला दोन आणि हे एक. देवयानीच्या घरून बोभाटा झाला तर बाकीच्या सहा जणी काय समजतील? नवऱ्याच्या पगारावर घर चाललं, मुलगा नोकरीवर मोठा झाला, पण जाईबाईचं म्हणून जगात जे काही होतं ते हे एवढंच होतं. तिच्या हातची गोडंबी बिनधोक असते, हे नाव. ते आज बाविसाव्या मजल्यावर टांगणीला लागलं होतं.

दार देवयानीच्या सासूबाईंनी उघडलं. शरयूताई पुण्याच्या, निवृत्त शिक्षिका. बोलणं स्वच्छ आणि मोजकं. "या, बसा," त्या म्हणाल्या, पण पाणी विचारलं नाही. देवयानी आतून आली. तिचे ओठ खरंच सुजले होते, खालच्या ओठाच्या कडेला दोन फोड फुटून खपली धरत होती. "मृणाल, अगं, एवढं काही नाही. मी फक्त कळवलं," ती अवघडून म्हणाली.

"मी कुणावर आरोप करत नाही," शरयूताई म्हणाल्या. "पण लाडवाशिवाय हिच्या पोटात नवीन काहीही गेलेलं नाही."

"डबा आणा ताई," जाईबाई म्हणाली.

डबा आला. जाईबाईनं झाकण काढलं, एक लाडू उचलला आणि सगळ्यांसमोर खाल्ला. मग दुसरा. घाई न करता, नीट चावून, गोडंबीचा प्रत्येक तुकडा जिभेवर फिरवून तिनं दोन्ही लाडू संपवले. तोंड पुसलं. "आता माझं तोंड बघून ठेवा. उद्या ह्याच वेळी मी पुन्हा येते. तेव्हाही बघा. एक फोड दिसला, तर पुन्हा बिब्ब्याला हात लावणार नाही."

शरयूताई थोड्या वरमल्या. एवढ्या खात्रीनं समोरचं माणूस खातंय म्हटल्यावर काय बोलणार? "हिला दुसरं काहीतरी बाधलं असेल," त्या म्हणाल्या आणि आता चहा टाकायला उठल्या. जाईबाईनं चहा घेतला, उरलेला डबा पिशवीत टाकला आणि लिफ्टमधून खाली उतरताना आरशात बघून पदर सारखा केला. जिंकली होती ती.

रिक्षात बसल्यावर मात्र मृणाल पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत बसली. जाईबाईला वाटलं, पोरगी ऑफिसच्या विचारात असेल. तिनंच सुरुवात केली. "बघितलंस ना? गप बसल्या."

"आई, एक विचारू?" मृणाल म्हणाली. "तुम्हाला बिब्बा शेवटचा कधी उतलेला?"

"मला?" जाईबाई हसली. "माझ्या लग्नाच्या साली उतला, त्याच्या पुढच्या साली थोडा. मग नाही. अगं, आता तेलात हात बुडाला तरी मला काही होत नाही. फोडणारीची कातडी आहे ही."

एवढं ती फुशारकीनं बोलली आणि बोलून झाल्यावर तिचे शब्द तिच्याच कानावर पडले. रिक्षा सिग्नलला थांबली होती. जाईबाईनं आपली काळी बोटं समोर धरली आणि बघत राहिली.

मृणालनं सासूकडे पाहिलं नाही. हळूच म्हणाली, "मग तुम्ही दोन खाल्लेत काय आणि दहा खाल्लेत काय."

दुसरी कुठली वेळ असती तर जाईबाईनं तिला रिक्षातच सुनावलं असतं. पण तिला त्या क्षणी चाळीस वर्षांपूर्वीचं स्वयंपाकघर दिसत होतं. पाच बायका. त्यातल्या चौघी वर्षानुवर्षं बिब्बा फोडून राठ झालेल्या. आणि सासूनं पहिला लाडू दिला तो नव्या सुनेला, जिची कातडी अजून कच्ची होती, जिला आदल्याच महिन्यात उतलं होतं. तो मान नव्हता! ती पारख होती. म्हातारी तोंडानं बोलली नाही आणि जाईबाई चाळीस वर्षं त्याला लाड समजत बसली. एवढंच नाही, तो लाडू तिनं हक्कानं स्वतःकडे ठेवून घेतला. घरात उतणारी सून आली, तेव्हा रीतीप्रमाणे तो तिच्याकडे जायला हवा होता. तिला हसण्यात जाईबाईनं पाच हिवाळे घालवले.

"म्हातारे, सांगायचं तरी होतंस," ती पुटपुटली. राग कुणाचा आला होता, सासूचा की स्वतःचा, ते तिलाही कळलं नाही. बहुतेक दोघींचा.

घरी येऊन ती दगडूशी काही बोलली नाही. डबा घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसली. मृणालनं समोर येऊन एक लाडू फोडला, त्यातला गोडंबीचा तुकडा निवडला आणि शर्टाची बाही वर केली.

"काय करतेस?"

"मनगटाच्या वर बांधून ठेवते. सकाळपर्यंत कळेल."

"नाही. काही गरज नाही. तू मागं आठ दिवस तळमळलीस, मी बघितलंय."

"तेव्हा अख्खं टरफल हातात धरलेलं मी. हा एवढासा तुकडा आहे." मृणालचा आवाज एरवीसारखाच शांत होता. "आई, हात माझा आहे ना? मी स्वतः म्हणतेय. आणि मॅमना मीच सांगितलेलं की लाडू घ्या. मला पण कळायला हवं."

जाईबाई उठली. तिनं खोबरेलाची बाटली आणून टेबलावर ठेवली, लागलीच तर हाताशी असावी म्हणून, आणि सुनेच्या हाताला पट्टी स्वतः बांधली. बांधताना तिला कळत होतं की आपल्या सासूनं आपल्याशी हे असं करायला हवं होतं. आधी सांगून, मग विचारून.

रविवारी सकाळी जाईबाई आधी आरशासमोर गेली. तोंड स्वच्छ, ओठ जसेच्या तसे. मग ती मृणालकडे गेली. मृणालनं पट्टी सोडली होती. मनगटाच्या वर रुपयाएवढा लाल चट्टा उठला होता आणि त्यावर बारीक बारीक चार फोड.

जाईबाईनं ते फोड मोजले. एकेचाळीस वर्षं आणि हे.

मग मात्र ती रडत बसली नाही, आणि हेच तिचं वैशिष्ट्य. उरलेली गोडंबी तिनं पांढऱ्या कागदावर ओतली आणि खिडकीत नेली. मृणालनं मोबाईलचा टॉर्च लावला. गोडंब्या अख्ख्या होत्या, एकही तुटलेली नव्हती. पण बऱ्याचशांच्या टोकाला बारीक तपकिरी रेघ होती, सुकलेल्या चहाच्या डागासारखी. तेल. आणि मग जाईबाईला आठवलं. यंदा गावाकडं दिवाळीनंतरही पाऊस चालू राहिला, बिब्बा नीट वाळलाच नाही. टरफल करकरीत फुटायच्या ऐवजी दबत होतं आणि तेल उडून तिच्या हातांवर येत होतं. तिला ते दिसलं होतं. पण हाताला काही होत नव्हतं, म्हणून तिनं काही मनावर घेतलं नव्हतं. राखेत एकदा जास्त चोळलं आणि पुढं गेली.

"आता काय?" दगडूनं विचारलं. त्याला सगळं एव्हाना कळलं होतं.

"आता सातही घरी जायचं. सांगायचं आणि बाकीचे डबे परत आणायचे."

"सगळ्यांना सांगायचं?" दगडू म्हणाला. "अगं, काल तर तूच खाऊन दाखवलंस. ते मानले पण. बाकीच्या सहा जणींची काही तक्रार नाही. आपण गुपचूप दुसरे लाडू देऊ, म्हणू हे जास्त ताजे आहेत. नाव कशाला घालवतेस?"

दगडू वाईट माणूस नव्हता. त्याला बायकोची मान खाली गेलेली बघवत नव्हती, एवढंच. जाईबाईनं त्याच्याकडे बघितलं आणि चपला घालत म्हणाली, "अहो, त्या पोरीच्या ओठाला फोड आलेत. माझ्या नावाला नाही आले."

मृणाल पिशवी घेऊन तयारच होती.

बाविसाव्या मजल्याचं दार पुन्हा शरयूताईंनीच उघडलं. जाईबाईचं तोंड त्यांनी निरखून बघितलं आणि हसून म्हणाल्या, "खरंच की हो, एकही फोड नाही. आम्हीच चुकलो. या, बसा."

"तुम्ही नाही चुकलात ताई." जाईबाई उभीच राहिली. देवयानीही बाळाला घेऊन बाहेर आली होती. "काल मी खाऊन दाखवलं त्याला काही अर्थ नव्हता. मला बिब्बा उततच नाही, चाळीस वर्षं फोडून माझी कातडी मेलीय. मी खाल्लं काय, दगडानं खाल्लं काय. माझ्या लक्षात आलं नाही. यंदाचा बिब्बा ओला होता, गोडंबीला तेल राहिलं. तुमच्या सुनेचं तोंड माझ्याच लाडवानं आलं. चूक माझी आहे." मग तिनं मृणालचा हात धरून पुढं केला. "हे बघा. माझ्या सुनेनं स्वतःच्या हातावर लावून बघितलं. हिला उततं. काल संध्याकाळपासून हात जळत होता हिचा, तोंडातून शब्द काढला नाही."

शरयूताईंनी मृणालचा हात आपल्या हातात घेतला, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि ते चार फोड बराच वेळ बघितले. देवयानी म्हणाली, "मृणाल, वेडी आहेस का तू?" आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मला वाटलं होतं, तुम्ही आज मिरवायला याल," शरयूताई म्हणाल्या. "आणि आला असतात तर मी मानलंही असतं. तीस वर्षं शिकवलं मी. फळ्यावर चुकलं तर वर्गासमोर पुसायला मलाही जड जायचं." त्यांनी आज पाणी विचारलं नाही, स्वतः आणून दिलं. मग समोर बसून म्हणाल्या, "जाईबाई, माझी मुलगी नाशिकला असते. मार्चमध्ये तिचं बाळंतपण आहे. तिचे लाडू मला तुमच्याच हातचे हवेत."

जाईबाईनं ग्लास खाली ठेवला. हे तिला अपेक्षित नव्हतं. ती इथं नाव घालवायला आली होती, आणि ही बाई ते तिच्या पदरात परत टाकत होती, आणखी वर एक घर जोडून. मार्चला अजून तीन महिने होते. पोत्यात निम्मा बिब्बा शिल्लक होता. पुन्हा उन्हात टाकला, दुप्पट राख लावली, चांगली निवडून घेतली, तर जमलंही असतं. शंभरात नव्वद वेळा जमलं असतं. ज्या घरात मान गेला त्याच घरात तो परत मिळवायची संधी समोरून चालत आली होती. तिनं "देते की" म्हणायला तोंड उघडलं.

"यंदा नाही देणार," मृणाल म्हणाली.

जाईबाईनं वळून बघितलं. मृणालचे कान लाल झाले होते. मोठ्या माणसांत मधे बोलायची तिची पद्धत नव्हती; समोर तिची ऑफिसातली वरिष्ठ बसलेली, बाजूला सासू. तरी ती थांबली नाही.

"यंदाचं पोतं ओलं आहे, ताई. त्यातलं काहीच कुणाला जाणार नाही. तुमच्या मुलीला खारीक, खोबरं, डिंक, आळीव घालून लाडू देऊ, गोडंबीशिवाय. पुढच्या हिवाळ्यात नवा बिब्बा नीट वाळला, तर मी आधी माझ्या हातावर लावून बघेन. मला उतलं नाही, तरच डबा घराबाहेर पडेल."

शरयूताईंनी जाईबाईकडे बघितलं. आता सासूनं काय ते बोलावं, सून मधेच बोलली तर तिला आवरावं, असं त्या बघण्यात होतं. इतक्या वर्षांत कौतुक जाईबाईनं पोटभर ऐकलं होतं. हे वेगळं होतं. ह्या घरात तिच्या कामाच्या बाजूनं तिच्यापेक्षा कडक कुणीतरी उभं होतं, आणि ते तिचंच माणूस होतं.

"माझ्याकडे काय बघता, ताई?" ती म्हणाली, आणि तिला हसू आवरेना. "ती नाही म्हणाली ना? मग नाही."